सरकत्या अँटेनांनी ग्रुप ट्रान्समिशन चोरून ऐकणाऱ्यापासून वाचवणं : दोन अँटेनांत अंतर किती ठेवावं?

हिंगणा_आरएफ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडसाठी हे काम आहे. शेड साधारण ४० बाय २५ मीटर. एका भिंतीवरच्या ट्रान्समीटरवरून सगळ्या हँडसेटना एकच संदेश एकाच वेळी जातो, म्हणजे मल्टिकास्ट. सध्या हे साध्या वायफायवर चालतं. आता तोच संदेश यूएसआरपी बी२१० (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ बोर्ड) वापरून २४३७ मेगाहर्ट्झवर स्वतःच्या ओएफडीएमने (डेटा अनेक शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवायची पद्धत) पाठवून बघायचा आहे.

ट्रान्समीटरच्या नाकासमोर, शून्य अंशावर, शेजारच्या शेडची खिडकी आहे. संदेश तिथे पोचू नये ही मुख्य गरज. आपले दोन रिसीव्हर एकाच बाजूला आहेत, एक ३० अंशांवर आणि दुसरा साडेचौदा अंशांवर.

अँटेना दोनच. त्या रुळावर सरकवून जागा बदलता आल्या तर गुप्तता वाढते असं वाचलं आहे. माझे प्रश्न:

१. अर्ध्या तरंगलांबीचं ठरलेलं अंतर सोडून अँटेना सरकवण्यात खरंच काही हाती लागतं का, की दोन-चार टक्क्यांचाच खेळ आहे?
२. दोन्ही अँटेना सरकत्या हव्यात की एक पुरे?
३. रूळ, मोटर, केबल काय घ्यावं? कुठे फसतं?

---

तरंगलांबी_४४००

हिंगणा भाऊ, तुमच्या मांडणीत फायदा दोन-चार टक्क्यांचा नाही, दुपटीचा आहे. आकडेमोड करूनच दाखवतो.

ग्रुपला पाठवताना सुरक्षित दर, म्हणजे चोराला (चोरून ऐकणाऱ्याला) काही कळू न देता डेटा पाठवायचा वेग, ठरतो तो सगळ्यात कमजोर रिसीव्हरच्या दरातून सगळ्यात जोरकस चोराचा दर वजा करून. मुळातली कल्पना वायनरची, १९७५ ची. चिसार आणि कोर्नर यांनी १९७८ मध्ये ती पुढे नेली. एकाला पाठवायचं असेल तर बीम त्याच्याकडे वळवून मोकळं होता येतं. ग्रुपमध्ये मात्र एक जण जरी खड्ड्यात गेला तरी सगळ्यांचा दर त्याच्याबरोबर खाली येतो.

दोन अँटेना आहेत आणि खिडकीच्या दिशेला नल, म्हणजे सिग्नल शून्य होईल अशी दिशा, टाकायचा आहे. इथेच वेट, म्हणजे प्रत्येक अँटेनाला किती पॉवर आणि कुठली फेज (लहर चक्रात कुठे आहे ते) द्यायची ते आकडे, संपले. दोन वेटमधलं गुणोत्तर नलने ठरवलं, उरली फक्त एकूण पॉवर. रिसीव्हरसाठी फिरवायला एकही बटण शिल्लक राहत नाही. जागा बदलता येणं हेच ते जास्तीचं बटण.

समोरासमोरच्या सरळ मार्गासाठी सूत्र सोपं आहे:

गेन = २ × साइन² (पाय × अंतर × फरक)

अंतर तरंगलांबीत मोजायचं. फरक म्हणजे रिसीव्हरच्या कोनाच्या साइनमधून खिडकीच्या कोनाची साइन वजा. गेन १ म्हणजे तेवढीच पॉवर एकाच अँटेनातून सोडल्यावर जितकं पोचतं तितकं.

तुमच्याकडे फरक ०.५ आणि ०.२५ आहेत.

अंतर अर्धी तरंगलांबी (६१.५ मिमी): ३० अंशांवर गेन १.०, साडेचौदा अंशांवर फक्त ०.२९.
अंतर ४/३ तरंगलांबी (१६४ मिमी): दोन्हीकडे १.५.

कमजोर रिसीव्हर ०.२९ वरून १.५ वर आला, म्हणजे ७ डीबीची (सुमारे पाचपट) वाढ, तीही पॉवर न वाढवता. एका अँटेनाला १० डीबी एसएनआर (गोंगाटाच्या दहापट सिग्नल) मिळतो असं धरलं तर सुरक्षित दर १.९७ वरून थेट ४.० बिट प्रति सेकंद प्रति हर्ट्झ होतो. या दोन रिसीव्हरसाठी ४/३ पेक्षा चांगलं अंतर नाही, कारण तिथे दोघांचे गेन समान होतात. अंतर थोडं बदललं की दोघांपैकी एक खाली जातो.

जास्त अंतर म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र समजू नका. २ तरंगलांबी, म्हणजे २४६ मिमी, ठेवलीत तर ३० अंशांवरचा रिसीव्हर पूर्ण शून्यावर जातो. ४ तरंगलांबीवर दोन्ही रिसीव्हर खिडकीबरोबरच नलमध्ये बुडतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मोकळ्या मैदानात एकच सरकती पुरे, कारण सूत्रात फक्त मधलं अंतर येतं. दोन्ही मिळून डावीकडे सरकवल्या तर काहीच बदलत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये परावर्तनं भरपूर असतात, तिथे प्रत्येक अँटेनाच्या नेमक्या जागेलाही अर्थ येतो. सुरुवात एकाच रुळाने करा, पण दुसऱ्यासाठी जागा सोडून ठेवा.

---

नल_आणि_बाजू

वरची आकडेमोड बरोबर आहे, फक्त ती खिडकीचा कोन अचूक माहीत आहे असं धरून केलेली आहे. प्रत्यक्षात खिडकीला रुंदी असते आणि ऐकणारा बाजूला सरकून उभा राहू शकतो. अँटेनांतलं अंतर वाढवलं की नल अरुंद होतो, हे लक्षात घेतल्याशिवाय १६४ मिमीवर शिक्का मारू नका.

चोर ५ अंश बाजूला आहे आणि रिसीव्हरइतक्याच अंतरावर आहे असं धरू.

अर्ध्या तरंगलांबीवर त्याला एका अँटेनापेक्षा १४ डीबी कमी मिळतं. ४/३ वर फक्त ६ डीबी कमी. सुरक्षित दर अनुक्रमे १.५२ आणि २.१७ राहतो. फायदा उरतो, पण दुप्पट राहत नाही.

आता अंतर बरोबर १ तरंगलांबी, म्हणजे १२३ मिमी घ्या. ५ अंशांच्या चुकीला दर २.१६ येतो, ४/३ इतकाच. चूक ८ अंशांची झाली तर चित्र उलटतं: ४/३ वर १.१८, १ वर १.२६, अर्ध्यावर १.०२.

म्हणून कोनात एका ठिपक्यासाठी अंतर काढू नका. खिडकीच्या दोन्ही कडा ट्रान्समीटरवरून किती अंशांवर दिसतात ते आधी टेपने मोजा. मग त्या पट्ट्यातल्या सगळ्यात वाईट कोनासाठी दर काढा आणि तो वाईट दर जिथे जास्तीत जास्त येतो ते अंतर निवडा. एका सरकत्या अँटेनासाठी यात कसलंही भारी ऑप्टिमायझेशन लागत नाही. ६२ मिमीपासून ४०० मिमीपर्यंत प्रत्येक मिलिमीटरला सुरक्षित दर काढला तरी लॅपटॉपला क्षणभर पुरतो.

अर्ध्या तरंगलांबीच्या खाली जाऊ नका. अँटेना एकमेकींना ओढायला लागतात आणि वरचं सूत्र खोटं पडतं.

---

हिंगणा_आरएफ

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. लोडिंग डॉकवर तिसरा रिसीव्हर येणार आहे, त्याच बाजूला, साधारण ५० अंशांवर. त्याने उत्तर बदलतं का?

---

तरंगलांबी_४४००

बदलतं, आणि मोठं बदलतं. ४/३ वर नल एकच नसतो. साइनमध्ये ०.७५ चा फरक झाला की तो पुन्हा येतो, म्हणजे ४८.६ अंशांवर. तिथे दुसरा चोर बसला असता तर तो फुकटात बंद झाला असता. पण तुमचा डॉक ५० अंशांवर आहे. त्याला एका अँटेनापेक्षा २० डीबी कमी मिळेल. तो रिसीव्हर गेला म्हणजे ग्रुपचा दर गेला.

तिघांसाठी पुन्हा काढलं तर अंतर ०.९८ तरंगलांबी येतं, १२०.५ मिमी. साडेचौदा अंशांवर गेन ०.९७, डॉकवर जवळपास १.०, ३० अंशांवर २ च्या आसपास. सुरक्षित दर ३.४ बिट, आणि खिडकीच्या कोनात ५ अंशांची चूक धरली तरी २.१५. वर १ तरंगलांबीच्या बाजूने जो मुद्दा मांडला गेला तो इथे आपोआप पाळला जातो.

रिसीव्हरची जागा हललीच तर हेच पुन्हा करायचं. रूळ हवा तो यासाठी. रोज शंभर वेळा धावण्यासाठी तो नाही.

---

बेल्ट_पुली_बर्डी

तिसरा प्रश्न कोणी हातात घेतलेला दिसत नाही, म्हणून यांत्रिक बाजू लिहिते.

नेमा १७ स्टेपर मोटर, १.८ अंशांची, म्हणजे फेरीला २०० स्टेप. ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर. जीटी२ बेल्ट (दात्यांत २ मिमी अंतर) आणि २० दात्यांची पुली. फेरीला बेल्ट ४० मिमी सरकतो, ३२०० भागिले ४०, म्हणजे मिलिमीटरला ८० स्टेप. तुमचे १२०.५ मिमी म्हणजे ९६४० स्टेप. थ्रीडी प्रिंटरचं हेच सामान असतं, त्यामुळे सुटं मिळतं आणि बिघडलं तर बदलता येतं. ४० सेमीची चाल, एमजीएन१२ रूळ, एका टोकाला लिमिट स्विच. चालू केल्यावर दर वेळी त्या स्विचवरून शून्य धरायचं, कारण स्टेपर वीज गेल्यावर आपली जागा विसरतो.

बेल्टच्या अचूकतेची फार धास्ती घेऊ नका. २४३७ मेगाहर्ट्झला १ मिमीची चूक म्हणजे रुळाच्या रेषेतल्या दिशेला जास्तीत जास्त ३ अंश फेज. खिडकी नाकासमोर असल्याने रुळाच्या दिशेतली चूक तिच्या नलवर थेट परिणामच करत नाही. घातक आहे ते अँटेनाचं पुढे-मागे डोलणं. कॅरेजवर उभी नळी लांब ठेवली की थांबल्यावर ती थोडा वेळ हलते. थांबल्यावर ०.३ सेकंद थांबूनच मोजा.

अँटेना रुळाला टेकवू नका. रूळ धातूचा आहे, तो अँटेनाला डिट्यून करतो, म्हणजे तिच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून हलवतो. किमान पाव तरंगलांबी, म्हणजे ३ सेमीहून जास्त वर उचला, आणि उचलायला प्लास्टिकचा खांब वापरा. पाव तरंगलांबीची मोनोपोल (एका दांड्याची अँटेना) नको, तिला ग्राउंड प्लेन (खाली धातूचा पत्रा) लागतं आणि ते कॅरेजबरोबर बदलतं. स्लीव्ह डायपोल (तसा पत्रा न लागणारी अँटेना) घ्या.

खांब थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापू नका. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ असताना पत्र्याखाली भिंतीच्या वरच्या टोकाला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पीईटीजी किंवा एएसए. ॲल्युमिनियमच्या प्रसरणाचा मात्र त्रास नाही: ४०० मिमीला २५ अंशांच्या फरकाने ०.२३ मिमी, फेजमध्ये एक अंशही नाही.

केबल हा खरा त्रासाचा भाग. आरजी-३१६ लवचीक आहे, मीटरमागे सव्वा ते दीड डीबी खाते. दोन्ही अँटेनांना अगदी सारख्या लांबीची केबल द्या, स्थिर अँटेनालासुद्धा. त्या केबलमधल्या पीटीएफईची (टेफ्लॉनची) रचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि तिथे फेज झपकन सरकते. डिसेंबरात सकाळी १२ आणि दुपारी २८ म्हणजे रोज तो टप्पा ओलांडला जातो. दोन्ही केबल सारख्या आणि एकाच तापमानात असतील तर सरकणंही सारखंच होतं आणि वजा होतं. एक केबल खिडकीतून येणाऱ्या उन्हात आणि दुसरी सावलीत, असं झालं की वजाबाकी संपली. सरकणाऱ्या केबलला ड्रॅग चेनमधून न्या, वळणाची त्रिज्या कायम राहील असं बघा.

---

पायलट_फ्रेम

यांत्रिक मुद्द्यांना माझं पूर्ण अनुमोदन. मोजणीबद्दल थोडं लिहितो, कारण शेडमध्ये सूत्रावर विसंबून चालणार नाही, चॅनेल, म्हणजे अँटेनापासून रिसीव्हरपर्यंत सिग्नल प्रत्यक्षात कसा पोचतो ते, मोजावंच लागेल.

पायरी १२.३ मिमीची ठेवा, म्हणजे तरंगलांबीचा दहावा भाग, ९८४ स्टेप. ४० सेमीत ३३ जागा बसतात. दोन्ही अँटेना एकाच रुळावर असतील तर किमान अर्ध्या तरंगलांबीचं अंतर पाळून ४०६ जोड्या होतात. सगळ्या तपासून बघा. परावर्तनं भरपूर असलेल्या जागी ०.३८ तरंगलांबी सरकलं की चॅनेल जवळपास परकं होतं, म्हणून यापेक्षा जाड जाळी घेतली तर चांगल्या जागा मधल्या मध्ये निसटतात.

आता फसण्याची जागा. रिसीव्हरचा क्रिस्टल एक पीपीएम (दहा लाखांत एक भाग) जरी हुकला तरी २४३७ मेगाहर्ट्झला २४३७ हर्ट्झचा फरक पडतो. फेज सेकंदाला अडीच हजार फेऱ्या मारते. त्यामुळे आत्ता अँटेना एकची फेज आणि दोन सेकंदांनी अँटेना दोनची, अशी तुलना निरर्थक आहे. दोन्ही अँटेनांचे पायलट (आधीच ठाऊक असलेले मोजणीचे सिग्नल) एकाच फ्रेममध्ये, शेजारशेजारच्या सबकॅरिअरवर (ओएफडीएममधल्या छोट्या फ्रिक्वेन्सींवर) पाठवा आणि फक्त दोघांमधलं गुणोत्तर नोंदवा. एक अँटेना जागेवर ठेवायची, तिच्या तुलनेत दुसरी ३३ जागी फिरवायची.

बी२१० चे दोन्ही चॅनेल (इथे अँटेनांकडे जाणारे दोन मार्ग) एकाच एलओवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या एकाच ऑसिलेटरवर, चालतात, म्हणून ते निवडणं बरोबर आहे. तरी फ्रिक्वेन्सी पुन्हा ट्यून केली की दोन चॅनेलमधली फेज पुन्हा तपासा. दोन वेगळी साधी बोर्डं घेऊन हे होत नाही.

नल किती खोल मिळेल याचा अंदाज: फेजमध्ये १० अंशांची चूक असेल तर चोराला एका अँटेनापेक्षा १८ डीबीच कमी. ५ अंशांची असेल तर २४. दोन चॅनेलच्या पातळीत १ डीबीचा फरक असेल तर सुमारे २२. कागदावरचा ‘पूर्ण शून्य’ प्रत्यक्षात २० डीबीच्या आसपास अडतो, तेवढाच हिशेबात धरा.

खिडकीपाशी स्वतःचा एक रिसीव्हर ठेवून तीच मोजणी करा, खिडकीच्या रुंदीत किमान चार-पाच जागी. चॅनेल न मोजता टाकलेला नल पत्र्याच्या शेडमध्ये भलतीकडेच पडतो.

आणि माणसं, फोर्कलिफ्ट यांच्या मागे अँटेना पळवू नका. चालणारा माणूस सेकंदाला एक मीटर धरला तर अर्धी तरंगलांबी ६० मिलिसेकंदात पार करतो. बेल्ट १०० मिमी प्रति सेकंदाने रूळभर जायला ४ सेकंद घेतो. जागा निवडायची ती दिवसभरातल्या अनेक मोजण्यांवरून, पायलटवरून वेट तेवढे झटपट बदलायचे. गेट उघडं असताना आणि बंद असताना वेगळ्या मोजण्या घ्या, बाहेर मेट्रोचा पूल दिसत असेल तर गाडी जाताना आणि नसतानाही.

---

हिंगणा_आरएफ

खूप कामाचं आहे. एक शेवटचं: पुढे चार अँटेना केल्या तर? आणि खिडकी सोडून चोर नक्की कुठे आहे हे माहीतच नसेल तर?

---

नल_आणि_बाजू

चार अँटेना, एक नल. तीन मोकळ्या मिती उरतात, मग वेटनाही काम मिळतं. मल्टिकास्टचे वेट काढणं सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड आहे, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढायची पद्धत माहीत नाही. पण तुमचे रिसीव्हर तीनच आहेत. तीनपर्यंत सेमीडेफिनिट रिलॅक्सेशनमधून (अवघड अट सैल करून सोडवायची गणिती पद्धत) अचूक वेट काढता येतात. जास्त झाले की रँडमायझेशन करून अंदाजाने काढावे लागतात. पद्धत अशी: जागा धरून ठेवून वेट काढा, मग वेट धरून जागा थोड्या हलवा, पुन्हा वेट. ही फेरी जवळच्या टेकडीवर अडकते, म्हणून २०-३० वेगवेगळ्या सुरुवाती द्या आणि त्यांतली सर्वोत्तम घ्या.

चोर माहीत नसेल तर नल टाकायला दिशाच नाही. तेव्हा पॉवरचा काही भाग कृत्रिम गोंगाटात घाला, जो तिन्ही रिसीव्हरच्या दिशेला शून्य होतो आणि बाकी सगळीकडे पसरतो. ही कल्पना गोयल आणि नेगी यांची, २००८ ची. त्यासाठी अँटेना रिसीव्हरपेक्षा जास्त लागतात. तीन रिसीव्हरना चार अँटेना म्हणजे गोंगाटाला जेमतेम एक दिशा. दोन अँटेनांवर हा प्रयोग करू नका, तुमचेच रिसीव्हर बहिरे होतील.

---

पायलट_फ्रेम

आणि हे सगळं होईपर्यंत आत्ताचं वायफाय उघडं ठेवू नका. त्यात अँटेनापेक्षा मोठं भोक आहे.

वायफायमध्ये मल्टिकास्ट फ्रेम सगळ्यात कमी बेसिक रेटने जातात, २.४ गिगाहर्ट्झवर बहुतेक वेळा १ एमबीपीएसने. त्या रेटला ५४ एमबीपीएसच्या तुलनेत कितीतरी कमजोर सिग्नल पुरतो. म्हणजे ग्रुपचा संदेश शेडमधल्या इतर कुठल्याही डेटापेक्षा लांबवर ऐकू जातो. होस्टएपीडीमध्ये (वायफाय ॲक्सेस पॉइंटचं सॉफ्टवेअर) बेसिक रेट १२ किंवा २४ वर आणा. आधी सगळे हँडसेट त्या रेटला टिकतात का ते डॉकवरून तपासा, कारण मल्टिकास्टला ॲक (पोचपावती) नसतो आणि गळालेली फ्रेम पुन्हा येत नाही.

दुसरं, ग्रुपची किल्ली सगळ्या हँडसेटमध्ये एकच असते. एक हँडसेट हरवला की ती किल्ली बाहेर गेली. ग्रुप किल्ली दर १० मिनिटांनी बदलायला लावा, आणि कोणाचं नाव काढलं की वायफायचा पासवर्डही बदला. हँडसेट मोजके असतील तर मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये रूपांतर चालू करा. मग प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या किल्लीने जातं.

बी२१० वर गेल्यावरही संदेश एईएस एन्क्रिप्शनने बांधूनच पाठवा. नल २० डीबी देतो, पण चोर खिडकीऐवजी गेटवर आला तर तेवढाही देत नाही.

---

बेल्ट_पुली_बर्डी

एक राहिलं. २.४ गिगाहर्ट्झला परवाना लागत नाही तो ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम ईआयआरपीपर्यंत (अँटेनाचा गेन धरून एका दिशेला जाणारी पॉवर). दोन अँटेनांनी ३० अंशांवर गेन २ मिळतोय, तो ३ डीबीही त्या मोजणीत धरायचा, डायपोलच्या स्वतःच्या गेनवर. ॲम्प्लिफायर लावणार असाल तर ही बेरीज आधी करा. आणि ॲम्प्लिफायर रुळावर नको, भिंतीवर. कॅरेजवर वजन वाढलं की थांबल्यावरचं डोलणं ०.३ सेकंदात शमत नाही.